उंदीर वाचला म्हणून रान विकू नका! लिव्हर आणि स्टेम सेलचं खरं काय?

(तालुका प्रतिनिधी)

परवा ओळखीतल्या एकानं विचारलं, "आबांच्या लिव्हरसाठी स्टेम सेलचं इंजेक्शन सांगितलंय. अर्धा एकर काढू का?" पुरावा म्हणून त्यानं मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात उंदराचं खराब लिव्हर सुधारलं होतं.

व्हिडिओतली गोष्ट अगदीच खोटी नाही. स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात, ती मूळ पेशी. २०१३ मध्ये जपानच्या योकोहामा सिटी युनिव्हर्सिटीत ताकानोरी ताकेबे यांच्या टीमनं माणसाच्या अशा पेशींपासून लिव्हरचे बारीक कोंब तयार केले. उंदरात बसवल्यावर दोन दिवसांत त्यांना रक्त मिळू लागलं. लिव्हर निकामी झालेले उंदीर जास्त दिवस जगले.

पण हा झाला प्रात्यक्षिक प्लॉट. तिथं जे पीक येतं, ते आपल्या कोरडवाहू रानात येतंच असं नाही. प्रयोगात उंदराचं लिव्हर औषध देऊन थोड्या दिवसांत बिघडवतात. आपल्या माणसाचं दारूनं किंवा काविळीच्या विषाणूनं वर्षानुवर्षं सडत आलेलं असतं.

माणसांवर काय झालं? ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांचे गट पाडून चाचणी झाली. एका गटाला त्यांच्याच रक्तातले स्टेम सेल काढून परत दिले. २०१८ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारापेक्षा फायदा दिसला नाही, उलट त्रास जास्त झाला.

आपल्याकडे आयसीएमआरचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर हा प्रयोगच. तो मंजूर चाचणीतच करायचा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. म्हणून कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर आधी चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. तिथंच निम्मं कळतं.

मग करायचं काय? दारू पूर्ण बंद. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी करा. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत बी ची लस द्या. आजार फारच पुढं गेला असेल तर मोठ्या दवाखान्यात लिव्हर बदलण्याबाबत विचारा.

संशोधन चालू आहे, उद्या त्यातून औषध निघेलही. पण आज विकलेलं रान उद्या परत मिळत नाही.