अंबाल्याच्या आकाशातील घारी

27 जून 2019 रोजी सकाळी हरियाणातील अंबाला तळावरून वायुसेनेच्या एका जग्वार विमानाने सरावासाठी उड्डाण केले. धावपट्टी सोडताच ते पक्ष्यांच्या थव्यात सापडले आणि दोनपैकी एक इंजिन निकामी झाले. विमानाखाली इंधनाच्या जादा टाक्या व सरावाचे छोटे बॉम्ब होते. वैमानिकाने तो भार तत्काळ टाकून दिला आणि उरलेल्या एका इंजिनावर विमान सुखरूप उतरविले. टाकलेल्या भाराचे काही अवशेष वस्तीत पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

एवढ्याशा पाखराने लढाऊ विमान जेरीस यावे, हे प्रथमदर्शनी पटत नाही. हिशेब मात्र सरळ आहे. ताशी 360 किलोमीटर वेगाच्या विमानावर एक किलोचा पक्षी आदळला, तर 50 किलोची गोणी 10 मीटर उंचीवरून पडावी, तेवढी ऊर्जा त्या आघातात असते. वेग दुप्पट झाला की ती चौपट! दोन इंजिने आहेत म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला गोव्यातील दाबोळीहून निघालेल्या नौदलाच्या मिग-29के विमानावर पक्षी आदळले. डावे इंजिन बंद पडले, उजव्याने पेट घेतला. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने बचावले, विमान मात्र गेले.

पक्षी धावपट्टीपाशी येतात कशासाठी? 2020 साली अंबाल्यास राफेल विमाने दाखल झाल्यावर वायुसेनेने हरियाणाच्या मुख्य सचिवांना पत्र लिहिले. परिसरातील कचऱ्यामुळे पक्षी गोळा होतात, अशी तक्रार होती. घनकचऱ्याची विल्हेवाट, उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांस दंड आणि कबुतरे पाळण्यावर बंदी, असे उपाय सुचविले होते. यांत पक्ष्याच्या जिवाला कोठेही धक्का नाही, ही गोष्ट जीवदया मानणाऱ्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकण्यास 1937 च्या विमान नियमावलीनेच मनाई केली होती. नियम जुना, उकिरडा रोजचा.

घार खरकट्यावर येते, कबुतर दाण्यावर. धावपट्टीलगतच्या गच्चीवर रोज ज्वारी पसरणारा सद्गृहस्थ पुण्यबुद्धीनेच ते करीत असतो. परंतु ठरल्या वेळी, ठरल्या जागी थवा जमण्याची सवय त्याच दाण्यांनी लागते. दाणे टाकण्याची वेळ बहुधा सकाळची. अंबाल्याचे ते उड्डाणही सकाळचेच होते.