दादा, राम आणि टीएन-११

तमिळनाडूतल्या तांबरम आरटीओचा संकेतांक टीएन-११. त्यापुढचा पसंतीचा क्रमांक जादा शुल्क मोजून मिळतो. ब्रिटनसारखी नंबरपाटीवर नावाजोगी अक्षरे घ्यायची सोय आपल्याकडे नाही. मराठी माणसाने त्यावर तोड काढलीच होती: आकड्यांना जरा वळण दिले की ४१४१चे ‘दादा’, २१४चे ‘राम’. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली. ठरावीक ठशाचे आकडे, क्रोमियमचा होलोग्राम, एकदा बसले की न निघणारे स्नॅपलॉक. दादांची अडचण झाली. बरेच झाले, धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर वाचता यायला हवा.

डिकीवरचा मॉडेलचा बिल्ला उपटण्याची हौस वेगळी. ती खुशाल करावी. फक्त तांबरमच्या उन्हात रंग विटतो, आणि बिल्ल्याखालचा ताजा रंग तेच नाव पुन्हा लिहून दाखवतो!