नवख्या प्रवाशाची खिडकी

आरक्षणाच्या रांगेत पहिल्यांदाच उभा राहिलेला माणूस आपल्याला लांबूनच ओळखू येतो. फॉर्मवर गाडीचा नंबर कोरा, वर्गाच्या रकान्यात भलतेच काही. 'दादर म्हणजे मध्य की पश्चिम? सोबत म्हातारे कोणी आहे का?' असे दोन-चार प्रश्न विचारून खिडकीवरचा आपला कर्मचारी त्याचे काम मार्गी लावतो.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आरक्षण सुरू झाले. नेहमीच्या प्रवाशाची त्यामुळे मोठी सोय झाली, हे आम्ही नाकारत नाही. परंतु नवख्याला तेथे कोणी चार प्रश्न विचारत नाही. आधी खाते उघडा, पासवर्ड ठरवा, ओटीपी भरा. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारची पडताळणीही करा. एवढे करून दादर लिहावे, तर 'डीआर' आणि 'डीडीआर' अशी दोन दादरे पुढे उभी! मुंबई कधी न पाहिलेल्याने काय समजावे?

खरा घोटाळा होतो तो प्रतीक्षा यादीचा. जीएनडब्ल्यूएल, आरएलडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल ही अक्षरे आपल्याला पाठ. नवखा फक्त नंबर पाहतो. ई-तिकिटावरील सर्वच प्रवासी चार्ट लागेपर्यंत प्रतीक्षा यादीत राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. ही गोष्ट पैसे भरण्याआधी मोठ्या अक्षरांत, एका वाक्यात सांगायला हवी. ती सूचनांच्या गर्दीत हरवली, की मुलाबाळांसह डब्यात चढलेले कुटुंब विनातिकीट ठरते. नियम टीटीईने केलेला नाही. शिव्या मात्र तोच खातो.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. पिनकोड चुकलेले पत्रसुद्धा गावाचे नाव पाहून आपला सॉर्टर योग्य थैलीत टाकतो. संगणकाचा रकाना एका आकड्यासाठी अडून बसतो, आणि अडलेला ग्राहक शेवटी पोस्टाच्या काउंटरवरच येतो.

'सारे ऑनलाइन झाले' म्हणून खिडक्या कमी करणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: जो ऑनलाइन अडतो, त्याने जायचे कुठे? संकेतस्थळाची आखणी करताना खिडकीवर वर्षे काढलेल्या बुकिंग क्लार्कना आणि पोस्टातील काउंटर सहायकांना बोलावले पाहिजे. नवे पान सुरू करण्यापूर्वी ते कधीच न वापरलेल्या माणसांपुढे ठेवावे आणि ती कोठे अडतात ते शेजारी बसून पाहावे. स्थानकाच्या पाटीवर मराठी असते. रद्दीकरणाचे आणि परताव्याचे नियमही मराठीत, पहिल्याच पानावर हवेत.

शाखांना आमची विनंती आहे की, नवखे प्रवासी व ग्राहक आपल्याला काय विचारतात ते आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि प्रशासनाबरोबरच्या पुढील बैठकीत ती वही टेबलावर ठेवा.