लघुप्रबंधांचं कपाट

सोमवारी एका वडिलांचा फोन आला. मुलीला मानसशास्त्रात संशोधन करायचंय. ‘मॅडम, एक नंबरचं कॉलेज कोणतं तेवढं सांगा. आणि आता चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. करता येते ना? म्हणजे एम.ए.ची वर्षं वाचतील.’ नियम त्यांनी बरोबर वाचला होता. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले की पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. पण ‘वाचतील’ हा शब्द दिवसभर टोचत राहिला.

कारण त्याच दिवशी एम.ए.चे दोन लघुप्रबंध तपासायला आले होते. विषय एकच, म्हातारपणातला एकटेपणा.

पहिला शहरातल्या नावाजलेल्या विभागातला. इंग्रजी प्रश्नावलीचं घाईनं केलेलं भाषांतर, व्हॉट्सअॅपवर फिरवलेला गूगल फॉर्म, १२० उत्तरं. त्यातली बरीच नातवंडांनी आजी-आजोबांच्या वतीनं भरलेली. तसं प्रबंधातच लिहिलंय. सहसंबंध निघाला, गृहीतक सिद्ध झालं.

दुसरा तालुक्याच्या गावातला. ही मुलगी ‘तुम्हाला एकाकी वाटतं का?’ हा प्रश्न घेऊन आधी आठ आज्यांकडे जाऊन बसली. सगळ्या नाही म्हणाल्या. ‘घर भरलंय की माणसांनी, एकाकी कशानं?’ आणि ती उठली तेव्हा त्यांच्यातल्याच एकीनं हात धरला, ‘पुन्हा ये गं, दुपारचं करमत नाही.’ हे वाक्य तिनं वहीत लिहून घेतलं. परत येऊन ‘करमणं’ या शब्दाभोवती प्रश्न नव्यानं बांधले, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून ते उलट इंग्रजीत करून घेतले, पुन्हा आठ जणींना विचारले आणि मगच साठ जणींकडे गेली. शेवटी गृहीतक टिकलं नाही. तसं तिनं आकड्यांसकट लिहिलं. तिच्या विभागानं अंतर्गत गुण कापले. शेरा होता, ‘अपेक्षित निष्कर्ष नाही.’

तो शेरा वाचून मला फार वाईट वाटलं, रागही आला. मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच. हवा तोच निष्कर्ष मागायची सवय यामागे आहे, असं माझं मत आहे, आणि ती सवय एम.ए.च्या वर्गापासून लागते. या मुलीनं जे केलं ते काही आगळं नव्हे. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नुसते शब्द बदलून असलं काम होत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो, हे मुलांसमोर बसूनच ठरवावं लागतं.

म्हणून त्या वडिलांना मी कॉलेजचं नाव सांगितलं नाही. विभागात जा आणि गेल्या तीन वर्षांच्या लघुप्रबंधांचं कपाट उघडायला सांगा, म्हणाले. किती जणांनी स्वतः माणसांसमोर बसून माहिती गोळा केली? गृहीतक चुकल्याचं एकानं तरी लिहिलंय का? संख्याशास्त्र कोण शिकवतं? ‘आर’ किंवा ‘जास्प’ ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, विद्यार्थ्यांच्या हातात ती कधी येतात, पहिल्या वर्षी की प्रबंध बांधायला टाकायच्या आठवड्यात? समुपदेशक व्हायचं असेल तर वाट वेगळी. आकलन, स्मृती, भाषा यांची ओढ असेल तर अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व बोधन विज्ञान केंद्र किंवा गांधीनगरच्या आयआयटीतला बोधन विज्ञानाचा अभ्यासक्रम बघावा. पण कपाट तिथलंही उघडायला सांगावं.

वडील म्हणाले, ‘कपाट दाखवतील का?’ तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, ‘नाही दाखवलं तर तेही कळेलच की, बाबा.’ पुढच्या आठवड्यात दोघं दोन विभागांत जाऊन येणार आहेत. दुसऱ्या प्रबंधावरच्या त्या शेऱ्याविरुद्ध मी दोन पानं लिहिली आहेत, ती उद्या पाठवते.