देहाचे वेग आणि घराचे नेम

चातुर्मास जवळ आला म्हणजे घरोघरीं नेमांची बोलणीं सुरू होतात. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प करतो, कोणी पोथीचें पारायण धरतो. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या या चार महिन्यांत आपला धर्म देवघरापेक्षां स्वयंपाकघरांत अधिक दिसतो, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं. काय खावें, केव्हां उठावें, केव्हां निजावें, हे प्रश्न वरवर पाहतां देहाचे. पण आपल्या पूर्वजांनीं ते देवाच्या दारांत नेऊन ठेविले. असें त्यांनीं कां केलें, आणि त्या व्यवस्थेचा लाभ आज घरांतील कोणास मिळतो व कोणास मिळत नाहीं, याचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हांस वाटतें.

अध्यात्म म्हणजे देहाकडे पाठ फिरविणें, अशी समजूत आपल्यांत पुष्कळ पसरली आहे. प्रत्यक्ष आचार मात्र निराळीच साक्ष देतो. संध्येचेंच उदाहरण घ्या. आचमन, मार्जन, प्राणायाम, अर्घ्य, यांपैकीं एकही क्रिया देहावांचून होत नाहीं. श्वास आंत घ्यावयाचा, रोखावयाचा, सोडावयाचा. ओंजळींत पाणी घेऊन सूर्याकडे तोंड करून उभें राहावयाचें. तिची वेळही घड्याळानें ठरत नाहीं, आकाशानें ठरते. आकाशांत तारे असतांना केलेली प्रातःसंध्या उत्तम, तारे मावळल्यावरची मध्यम, सूर्य उगवल्यानंतरची कनिष्ठ, असा धर्मशास्त्राचा क्रम आहे. आमच्या धनजास ज्येष्ठांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि पौषांत सातच्या सुमारास. म्हणजे जो हा नेम खरोखर पाळील, त्याचें उठणें वर्षाकांठीं तासाभराहून अधिक मागेंपुढें सरकत राहील, आणि तेंही इतकें हळूहळू कीं देहास त्याची जाचणूक होणार नाहीं.

देहांतही एक घड्याळ आहे, हें आतां प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. २०१७ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस मिळालें, तें याच संशोधनाबद्दल. फळांवर बसणाऱ्या चिमुकल्या माशीच्या पेशींत एक प्रथिन रात्रीं सांचतें व दिवसा विरतें, आणि या भरतीओहोटीवर तिचें झोपणें-जागणें चालतें, असें त्यांस आढळलें. माणसाच्या पेशींतही याच तत्त्वाचें घड्याळ आहे. सकाळच्या उजेडानें तें लागतें आणि रात्रीं उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशानें तें चुकतें. ऋषींस हें सारें ठाऊक होतें असा दावा आम्ही करीत नाहीं. तसला दावा शास्त्राचाही मान राखीत नाहीं व ऋषींचाही. त्यांनीं देहाकडे लक्ष देऊन पाहिलें आणि जें दिसलें त्याचा नेम केला, एवढें श्रेय त्यांस पुरेसें आहे.

या पाहण्याचा सर्वांत नेटका संग्रह वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत आहे. सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा. पावसाळ्यांत जठराग्नि मंद होतो, म्हणून त्या ऋतूंत पचावयास हलकें अन्न घ्यावें, असें तो सांगतो. चातुर्मासाच्या पथ्यांशीं हें ताडून पाहिलें म्हणजे एकभुक्ताचा अर्थ सहज उलगडतो. बलवान माणसानेंही व्यायाम करावा तो हिंवाळ्यांत व वसंतांत, आणि तोही निम्म्या शक्तीनें. इतर ऋतूंत त्याहून कमी. दिवसा झोपणें एरव्हीं वर्ज्य, परंतु ग्रीष्मांत रात्री लहान असतात म्हणून तें हितकर. एक ऋतु संपून दुसरा लागतांना मागचे सात दिवस व पुढचे सात दिवस जुना आहारविहार हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा. या सर्व नियमांत कोठेंही हट्ट नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांतही भगवंतांनीं अति खाणाऱ्यास योग नाकारला, तसाच मुळींच न खाणाऱ्यासही नाकारला आहे. अति झोपणाऱ्यास नाकारला, तसाच अति जागणाऱ्यासही.

आमचा मुलूख कोरडवाहू शेतीचा. येथें ऋतूचा हिशेब चुकवून कोणाचेंच चालत नाहीं. जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागला म्हणजे सर्वांचे डोळे आकाशाकडे लागतात, आणि कपाशी, तूर, सोयाबीन यांची पेरणी मेघ सांगेल तेव्हांच होते. श्रावण अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद व तूप चोळून शेकतात, दुसऱ्या दिवशीं त्यांस न्हाऊं घालून पुरणपोळीचा घास देतात, आणि त्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. आतां ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. तरी पोळा चुकत नाहीं. राबणाऱ्या देहाला विसावा देणें हीच त्याची पूजा, हा विचार या सणांत जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो.

शिकलेल्या वर्गासही देहाचें हें महत्त्व आपल्या प्रांतांत वारंवार सांगितलें गेलें आहे. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार आपल्या संस्थानांतील शाळांतून नेले. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि आसन-प्राणायामांचा देहावर काय परिणाम होतो हें उपकरणांनीं मोजून पाहण्यास आरंभ केला. यांपैकीं कोणीही देहाला अध्यात्माचा शत्रु मानलें नाहीं.

येथपर्यंत आमच्या बहुतेक वाचकांचें आमच्याशीं एकमत होईल. आतां थोडें अवघड बोलावयाचें आहे.

शरीर हें धर्माचें पहिलें साधन, हें कालिदासाचें वचन आपण शाळांच्या व आखाड्यांच्या भिंतींवर वाचतों, आणि तें जोर-बैठका काढणाऱ्या मुलांस उद्देशून असावें असें धरून चालतों. वस्तुतः कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत तें एका स्त्रीला उद्देशून आलें आहे. पार्वती कठोर तप करीत असतां ब्रह्मचाऱ्याचें रूप घेऊन आलेले शंकर तिची विचारपूस करतात, आणि तूं आपल्या शक्तीच्या बेतानें तप करतेस ना, असें विचारून हें वाक्य बोलतात. उपासतापास करणाऱ्या स्त्रीला तिच्या देहाची चौकशी करणारा हा प्रश्न साक्षात् देवानें विचारला. आपल्या घरांत तो कोणी विचारतो काय?

घरांतील कर्त्या पुरुषाची दिनचर्या सांभाळली जाते ती कोणाच्या तरी दिनचर्येच्या जोरावर. त्यानें पहाटे उठावें म्हणून कोणी तरी त्याच्याही आधीं उठतें. त्यानें वेळेवर जेवावें म्हणून कोणी तरी सर्वांचें झाल्यावर उरलेसुरलें जेवतें. वैशाखांत, जेव्हां आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि वाग्भट श्रम टाळावयास सांगतो, नेमक्या त्याच दिवसांत घराघरांतून कुरडया, पापड, शेवया यांचें वाळवण चालतें. चीक शिजविण्यासाठीं रात्र संपण्यापूर्वीं उठावें लागतें आणि दुपारीं गच्चीवरच्या उन्हांत राखण करावी लागते. एकादशीस तर स्वयंपाक दुप्पट. उपवास करणारांसाठीं साबूदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. न करणारांसाठीं वरण-भात-पोळी. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबूदाणा करतात तो कसावा, हे चारही मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्या प्राचीन स्मृतिकारांनीं त्यांचें नांवही ऐकिलें नव्हतें. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हंसत म्हणतों. पण दुप्पट खाणाऱ्याबरोबर दुप्पट राबणारीही असते, तें त्या म्हणींत आलेलें नाहीं.

वाग्भटाच्या चौथ्या अध्यायाकडे या दृष्टीनें पाहावें. त्यांत त्यानें देहाचे तेरा वेग सांगितले आहेत व ते अडवूं नयेत असें बजाविलें आहे. मलमूत्रादि वेगांबरोबर त्यांत भूक आहे, तहान आहे, झोप आहे, श्रमाचा धापा आहे आणि डोळ्यांतले अश्रूही आहेत. भूक मारल्यानें अंग मोडून येतें, अन्नावरची वासना जाते, ग्लानि येते, देह कृश होतो. अश्रु अडविल्यानें डोळे, मस्तक व हृदय यांत वेदना होतात, असें तो लिहितो. हीं लक्षणें वाचून आपल्या घरांतील कोणाची आठवण होते, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. त्याच अध्यायांत वाग्भटानें दुसरे कांहीं वेग सांगितले आहेत, ते मात्र प्रयत्नानें आवरावेत असें त्याचें म्हणणें आहे. ते वेग म्हणजे लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर. देहाचे वेग वाहूं द्यावे आणि मनाचे आवरावे, अशी ही शिकवण आहे. आपल्या कित्येक घरांत हिचा क्रम उलटा झालेला दिसतो. सुनेनें भूक, झोप व अश्रु आवरावे, आणि वडीलधाऱ्यांचा राग मात्र वाहूं द्यावा, याला शिस्त म्हणतात!

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून लिहितों. गौरी-गणपतीच्या किंवा मंगळागौरीच्या दिवशीं अडचण नको म्हणून गोळ्या घेऊन देहाचा मासिक क्रम पुढें ढकलण्याची रीत सुशिक्षित घरांत शिरली आहे, आणि पुष्कळदां त्यासाठीं डॉक्टरांचा सल्लाही घेतला जात नाहीं. वाग्भटाच्या तेरांत या क्रमाचें नांव नाहीं, परंतु तत्त्व तेंच लागूं पडतें. चंद्राच्या तिथींवर जो सण बसविला, तो साजरा करण्यासाठीं स्त्रीदेहाचा महिना मोडावयाचा, यांत निसर्गाशीं मेळ कोठें राहिला? आपल्या घरांतील रूढि काय असेल ती असो. त्या दिवशीं नैवेद्याचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केल्यास गौर रुसत नाहीं. ज्या घरांत पुरुषांस सोंवळ्यांत स्वयंपाक करतां येत होता, तीं घरें कांहीं फार जुनी गोष्ट नव्हे.

कोणी म्हणतील कीं हें सारें स्त्रिया प्रेमानें करतात, तो त्यांचा त्याग आहे. त्यागाविषयीं आम्हांसही आदर आहे. परंतु त्याग ज्याचा त्यानें करावयाचा असतो. दुसऱ्यानें गृहीत धरला कीं तो त्याग राहत नाहीं, वेठ होते. आणि आतां घरोघरींच्या सुना शाळांतून, बँकांतून, कचेऱ्यांतून नोकरी करतात. कचेरीचें घड्याळ एक, स्वयंपाकघराचें दुसरें, आणि देहाचें तिसरें. या तिन्हींत पहिलीं दोन थांबत नाहींत म्हणून नेहमीं तिसऱ्यासच माघार घ्यावी लागते.

उपाय फार मोठे नाहींत. या चातुर्मासांत ज्या घरास नवा नेम धरावयाचा असेल त्यानें पुढील चार नेमांचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे. पहिला, जिनें रांधलें तिनें पहिल्या पंगतीस बसावें. वाढण्याचें काम मुलांनीं व पुरुषांनीं आळीपाळीनें करावें. दुसरा, एकादशीस घरांत एकच स्वयंपाक व्हावा. भगर व ताक पुरे, आणि ज्यांस उपवास नसेल त्यांनीं आपल्यापुरता भात आपण लावावा. तिसरा, दिवेलागण झाली म्हणजे घटकाभर सर्वांनीं मोबाईल बाजूस ठेवून एकत्र बसावें व रात्रीचें जेवण लौकर उरकावें, म्हणजे मागची आवराआवर मध्यरात्रीपर्यंत कोणा एकीच्या वांट्यास येणार नाहीं. चौथा, तान्ह्या मुलापायीं किंवा आजाऱ्यापायीं जिचें जागरण झालें असेल तिला सकाळीं कोणी उठवूं नये. रात्रीं जितका वेळ जागरण घडलें त्याच्या निम्मा वेळ सकाळीं जेवणापूर्वीं झोपावें, असें वाग्भटानेंच सांगून ठेविलें आहे, तेव्हां शास्त्राचा आधार हवा असलेल्या मंडळींनींही हरकत घेऊं नये.

आमच्या तालुक्याचें ठाणें जें कारंजें, तें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. गुरुचरित्राचें पारायण या भागांत घरोघरीं होतें, आणि त्या ग्रंथांत नित्यकर्माचा व आचाराचा विस्तार केवढा आहे तें वाचणारांस माहीत आहे. पारायणाचे सात दिवस घरांतील सर्वांनीं पहाटे उठावें, शुचिर्भूत व्हावें, मिताहार करावा, अशी आपली रीत. त्या सात दिवसांत पोथीपुढें बसणाऱ्याचा चहा, फराळ, नैवेद्य कोण सिद्ध करतें, आणि तिला पोथीचा एक तरी अध्याय स्वस्थपणें ऐकावयास मिळतो काय, एवढें यंदा घरच्या वडिलांनीं पाहावें. मिळत नसेल तर वाचणारानें थोडें थांबावें, आंतल्या माणसास बाहेर बोलवावें, आणि ती येऊन बसल्यावर मग पुढचा अध्याय सुरू करावा.