गुठळी विरघळवते कोण?

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव ज्याने कोणी रूढ केले, त्याने रोग्यांचे पुष्कळ नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी झालेला रोगी आठवड्याने येतो आणि हमखास विचारतो, ‘‘डॉक्टर, गोळीने गुठळी विरघळली ना?’’ वाचकहो, या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही आणि गुठळीही विरघळत नाही. असलेली गुठळी वाढू नये, नवी होऊ नये, एवढेच तिचे काम. विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच करते.

गुठळी म्हणजे फायब्रिनच्या चिवट तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सदैव फिरत असते. गंमत अशी, की जाळे विणले जातानाच ते त्यात अडकून बसते. पुढे शिरेच्या अस्तरातून टीपीए नावाचा पदार्थ झिरपतो आणि या निद्रिस्त प्रथिनाचे प्लाझ्मिन बनवतो. प्लाझ्मिन कात्रीसारखे तंतू कापत सुटते. त्यांचे जे बारीक तुकडे रक्तात येतात, त्यांतलाच एक डी-डायमर. तो तपासणीत वाढलेला दिसला म्हणजे गुठळी आहेच असे मात्र नव्हे; जंतुसंसर्गात, गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतरही तो वाढतो. उरलेला राडारोडा पांढऱ्या पेशी उचलतात.

या कामाला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. काहींच्या शिरेत व्रण राहतो, आतल्या झडपा निकामी होतात. मग संध्याकाळी पाय सुजणे, घोट्याजवळची कातडी काळवंडणे, न भरणारी जखम हे भोग मागे लागतात.

आता खरी अडचण. सूज आठ-दहा दिवसांत ओसरते आणि रोगी गोळी बंद करतो. आत गुठळी असतेच! निदान तीन महिने गोळी घ्यावीच लागते. पुढचे डॉक्टर ठरवतील. वॉरफॅरिन घेणाऱ्याने आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये राखायचा असतो. त्यासाठी तालुक्याला हेलपाटे पडतात, हे मला ठाऊक आहे. रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन या नव्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही, पण त्या सर्वांना चालत नाहीत. वॉरफॅरिनवर असताना पालेभाजी सोडू नये. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे.

‘‘हार्ट अ‍ॅटॅकला गुठळी विरघळवायचे इंजेक्शन देतात, मग मला का नाही?’’ हाही नेहमीचा प्रश्न. त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जीव किंवा पाय धोक्यात असेल तरच ते द्यावे.

आणि मालिश! बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका मोठा असतो, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे पाय रगडले जातात. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर तिला तेलाचा हातही लावू देऊ नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेतते. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठा. औषध सुरू झाल्यावर हळूहळू चालण्यास मात्र बहुतेकांना हरकत नसते.