उडव आणि परत टाक? फायरवॉलला नको!

इंजिनीअरिंग असो, बीसीए असो की बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर लॅबमध्ये एक मंत्र सीनिअरकडून ज्युनिअरकडे न चुकता पोहोचतो. ‘चालत नाहीये ना? उडव आणि परत टाक!’ विंडोज हँग झालं, उडव. लिनक्सला वायफाय दिसेना, उडव. आणि सिक्युरिटीच्या प्रॅक्टिकलला फायरवॉल चालेना, तरी तेच. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाकी कुठेही हा मंत्र चालवा, फायरवॉलला लावू नका. कारण तिथे परत इन्स्टॉल केल्यावर बहुतेक वेळा तीच अडचण जशीच्या तशी समोर येते. आणि ती अडचण शोधणं हाच तर त्या प्रॅक्टिकलचा खरा धडा असतो.

ज्यांनी हा प्रकार अजून केलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या गेटवरचा वॉचमन. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे ती नियमांची यादी बघून ठरवते. या कामासाठी खास बनवलेल्या, फुकट मिळणाऱ्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहेत. २००४ मध्ये सुरू झालेली पीएफसेन्स आणि २०१५ मध्ये तिच्यातूनच फुटून निघालेली ओपीएनसेन्स. दोघींचा पाया फ्रीबीएसडी. आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक खोटं मशिन बनवायचं, त्याला दोन नेटवर्क कार्ड द्यायची, एक बाहेरच्या जगाकडे म्हणजे वॅन, दुसरं आतल्या बाजूला म्हणजे लॅन. झाली तुमची फायरवॉल. पीएफसेन्सला एक जीबी रॅम दिली तरी सरावापुरतं भागतं.

हे मला फार मोलाचं वाटतं. अनेक कॉलेजांत महागडे राउटर काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात आणि पाहुणे आले की बाहेर निघतात. तिथल्या पोरांना ही फुकटची लॅब शहरातल्या मोठ्या कॉलेजच्या बरोबरीला आणून ठेवते. पण केव्हा? तिच्यात काय बिघडलं हे शोधायची तयारी असेल तर. नाहीतर ती फक्त जर्नलला चिकटवायचा एक स्क्रीनशॉट.

आता बिघाड कुठे असतात ते बघा. इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं आणि पुन्हा इन्स्टॉलेशनचाच स्क्रीन आला. तुम्ही निमूटपणे परत इन्स्टॉल करता, परत तेच! कारण आयएसओ फाइल अजून त्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्येच बसलेली असते. ती काढली की काम झालं. यात सिस्टीमचा काहीच दोष नव्हता.

दुसरा नेहमीचा घोळ कार्डांच्या अदलाबदलीचा. मशिनला दोन कार्ड दिसतात, नावं ईएम० आणि ईएम१ अशी काहीतरी. यातलं वॅन कुठलं? आपण अंदाजाने ठरवतो आणि उलटं होतं. मग वॅनला आयपी मिळत नाही आणि लॅनवरून सेटिंगचं पान उघडत नाही. शोधायचं कसं? व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कार्डाचा मॅक ॲड्रेस लिहिलेला असतो, फायरवॉलच्या स्क्रीनवरही दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून जुळवले की दोन मिनिटांत उत्तर. परत इन्स्टॉल करून पुन्हा अंदाजच मारलात, तर नाणेफेकीपेक्षा वेगळं काही होत नाही.

तिसरा तर माझ्या मते अभ्यासक्रमातच घालावा असा आहे. पीएफसेन्सचा लॅनचा ठरलेला पत्ता १९२.१६८.१.१. घरातल्या कित्येक वायफाय राउटरचा पत्ताही हाच! वॅनचं कार्ड ब्रिज्ड ठेवलं की फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना एकाच नंबरची गल्ली तयार होते. पॅकेट नेमकं कुठे पाठवायचं हे तिला कळत नाही. आता सांगा, परत इन्स्टॉल करून काय होणार? पत्ता मुळातलाच आहे, तो परत तोच येणार. लॅनला १९२.१६८.५०.१ असं काही दिलं की प्रश्न मिटतो. आणि सबनेट म्हणजे काय हे मग परीक्षेसाठी पाठ करावं लागत नाही.

काही बिघाड याहून खोडकर असतात. प्रॉक्समॉक्सवर व्हर्टआयओचं कार्ड दिलं की कधीकधी पिंग छान जातं, पण वेबसाइट उघडत नाही. कारण पॅकेटवरची चेकसम नावाची बेरीज हार्डवेअर करेल म्हणून सॉफ्टवेअर ती अर्धवट सोडतं. पण खोट्या मशिनमध्ये ते हार्डवेअरच नसतं. फायरवॉलला पॅकेट खराब वाटतं आणि ती ते टाकून देते. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करून फायरवॉल रीस्टार्ट केली की गाडी सुरू. किंवा असं होतं, की ८.८.८.८ ला पिंग जातं, पण नावाने काहीच सापडत नाही. अशा वेळी मशिनचं घड्याळ बघा. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेल्यावर ते मागे पडलेलं असू शकतं. डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्यांना मुदत असते. घड्याळ चुकलं तर खरी सहीसुद्धा खोटी ठरते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बिघाड बहुधा फायरवॉलच्या फाइलींमध्ये नाहीच. तो तिच्या आजूबाजूच्या जोडणीत आहे. म्हणून उडवून काही हाती लागत नाही. लागतं ते खालून वर जाऊन. केबल जोडलेली आहे का, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधली खूण टिकलेली आहे का? आयपी मिळाला का? गेटवेला पिंग जातं का? बाहेरच्या नंबरला जातं का? नावाला जातं का? आणि हे सगळं झाल्यावर मग नियम. जिथे उत्तर ‘नाही’ येईल तिथेच थांबायचं आणि तिथेच खणायचं. एका वेळी एकच बदल करायचा. तीन सेटिंग एकदम बदलल्यावर चालू झालं, तर नक्की कशाने चालू झालं हे कुणीच सांगू शकणार नाही, तुम्हीसुद्धा.

‘पण चॅटबॉटला विचारलं की उत्तर मिळतं ना?’ मिळतं, आणि विचारूही नये असं मी म्हणणार नाही. सबमिशन उद्यावर असताना कुणाला नीतिपाठ नको असतो, हेही मान्य. पण त्याला काय विचारायचं? ‘फायरवॉल चालत नाही’ असं लिहिलं तर तो दहा उपायांची जंत्री देतो. आपण दहाही करून बघतो आणि त्यातला एक हमखास असतो, ‘फायरवॉलच बंद करून बघा’. पीएफसीटीएलची ती एक कमांड मारली की सेटिंगचं पान उघडतं आणि आपण खूश. पण नियमांसोबत नॅटही बंद पडलेलं असतं, म्हणजे आतल्या मशिनचं इंटरनेट गेलं. मग पुढचा सल्ला, ‘सगळ्यांना सगळं अलाऊ’. हा नियम टाकून प्रॅक्टिकल पूर्ण करणं म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन सोसायटी सुरक्षित आहे असं सांगणं. त्यापेक्षा ‘गेटवेला पिंग जातं, बाहेर जात नाही, वॅनचा आयपी अमुक आहे’ असं विचारा. उत्तरही नेमकं येईल आणि ते चुकीचं असलं तर तुम्हाला कळेल.

शिवाय उद्या नोकरीला लागल्यावर काय करणार? एखाद्या बँकेच्या शाखेचं किंवा हॉस्पिटलचं नेट बंद पडलं, तर तिथे कुणी ‘उडव आणि परत टाक’ करू देणार नाही. तिथे फोनवर दोनच गोष्टी विचारतात, काय झालंय आणि कधी चालू होईल. या प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी लागत नाही. ती इथेच, खोट्या मशिनवर लावून घ्यायची असते. इथे बिघडलं तर नुकसान कुणाचंच नाही. एक पथ्य मात्र पाळा, लॅनचं कार्ड ‘इंटर्नल नेटवर्क’वरच ठेवा. ते कॉलेजच्या नेटवर्कला ब्रिज केलंत, तर तुमची फायरवॉल शेजारच्या पीसींनाही आयपी वाटायला लागेल आणि अख्ख्या लॅबचं नेट बसेल.

कॉलेजांकडेही एक मागणी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ‘फायरवॉल इन्स्टॉल करा’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी मुद्दाम बिघडवलेलं मशिन द्या. कार्ड उलटी केलेली, पत्ते भिडवलेले, घड्याळ मागे नेलेलं. अर्धा तास द्या. दुरुस्त झालं का याला पाच मार्क आणि कसं शोधलं हे लिहिण्याला पंधरा. एका स्नॅपशॉटमधून असे कितीतरी बिघाड तयार करता येतात, खर्च शून्य. आणि यात शेजारच्याचं जर्नल उतरवून काही उपयोग नाही, कारण त्याचा बिघाड वेगळा असणार.

कॉलेज बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. दोघं मित्र मिळून हे आजच करू शकता. एकाने बिघडवायचं, दुसऱ्याने शोधायचं, मग अदलाबदल. सुरुवातीला फक्त एक स्नॅपशॉट काढून ठेवा. आणि वही जवळ घेऊन बसा.